माफीनामा देऊ नका, प्रश्न प्रोसिडिंगमध्ये आणा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. यावल तालुक्यातलं गाव, नळयोजनेची टाकी उभी राहून दोन उन्हाळे गेले आणि टाकी कोरडी. ग्रामसभेत खर्च विचारला तर "तुले काय समजस, खाले बस" म्हणून गप्प केलं. मग तुम्ही गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकीचा फोटो टाकून "हिशोब कुठे आहे?" असं लिहिलं, तर ठाण्यातून बोलावणं आलं आणि कलम 168 ची नोटीस हातात पडली. घरची वडीलधारी मंडळी आता म्हणतात, माफीनामा लिहून दे आणि विषय मिटव. मी 28 वर्षं ग्रामसेवक होतो, बहुतेक चोपडा-अमळनेर भागात. टेबलाच्या पलीकडे बसून हे सगळं पाहिलंय म्हणून सांगतो, माफीनामा देऊ नका.

आधी नोटिशीचं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतलं 168 म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 149. 1 जुलै 2024 पासून नंबर बदलला. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, घडू नये म्हणून पोलिसांनी आधीच समज द्यायची, एवढाच तिचा अर्थ. तुमच्यावर गुन्हा दाखल झालेला नाही, तुम्ही आरोपी नाही. सही करताना "प्रत मिळाली" एवढंच लिहून तारीख टाका. "यापुढे असे करणार नाही" असा मजकूर आधीच टाइप केलेला असेल तर त्याखाली सही नको. तुमचं म्हणणं दोन ओळींत वेगळं लिहून द्या आणि त्याची पोच घ्या. जाताना सोबत दोन जाणती माणसं न्या. जमादाराशी हुज्जत घालू नका, त्यालाही कोणीतरी वरून सांगितलेलं असतं.

तुम्ही लिहिलेल्या वाक्याबद्दल. "हिशोब कुठे आहे?" हा प्रश्न आहे. "अमक्याने पैसे खाल्ले" हा आरोप आहे, आणि तो सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. पोस्टखाली चार जणांनी जे लिहिलं असेल त्यात वाहवत जाऊ नका. अब्रूनुकसानीचा दावा ठोकू असं सरपंचांचे लोक सांगत फिरतात म्हणता. भारतीय न्याय संहितेत ते कलम 356. तो अदखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे वॉरंटशिवाय पोलीस अटक करू शकत नाहीत. ज्याची अब्रू गेली त्याने न्यायालयात जाऊन तक्रार करायची. शिवाय लोकसेवकाच्या सार्वजनिक कामाबद्दल सद्भावनेने मांडलेलं मत त्याच कलमाने अपवाद धरलेलं आहे. नळयोजना हे काही सरपंचांच्या घरचं काम नव्हे.

"आयटी ॲक्ट लावू" ही धमकी मला जास्त टोचली, कारण ती अजून चालते. नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरला मुंबई बंदबद्दल फेसबुकवर लिहिणारी एक मुलगी आणि ते लाइक करणारी तिची मैत्रीण, दोघींना अटक झाली होती. त्या प्रकारावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 24 मार्च 2015 ला आयटी ॲक्टमधलं, ऑनलाइन लिखाणावरून अटक करू देणारं कलम 66 अ रद्द झालं. इतकी वर्षं झाली तरी गावात त्याच्या नावाने माणसं घाबरतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकावर व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून दाखल झालेला गुन्हाही मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करण्याचा हक्क नागरिकाला आहे, हे त्या निकालात स्पष्ट लिहिलंय. आणि तुमचा अ‍ॅडमिन घाबरून ग्रुप बंद करायला निघालाय, त्याला सांगा की दुसऱ्या सदस्याने टाकलेल्या मजकुराला केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलंय.

पण ग्रुपवरचा फोटो आठ दिवसांत वर सरकतो. तुमचा प्रश्न टिकायचा असेल तर तो ग्रामसभेच्या प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात आला पाहिजे, आणि तिथे तो कसा मारला जातो ते मला चांगलं माहीत आहे. सह्या आणि अंगठे आधी घेतात, मजकूर मागाहून भरतात. "ऐनवेळचे विषय" खाली अर्धं पान मोकळं सोडतात. कोणी काय विचारलं हे न लिहिता "सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर" ही एकच ओळ लिहितात. ही ओळ मीही लिहिली आहे. एका गावात हातपंपाच्या दुरुस्तीचं बिल आलं तेव्हा एक बाई मागून उठली. पंप तर बंदच आहे, मग दुरुस्ती कसली, एवढंच तिने विचारलं. तिला बसवलं, आणि मी ती ओळ लिहिली. पुढे माहितीच्या अधिकारात प्रत काढून ती माझ्याकडे आली. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "आप्पा, मन्हं नाव कोठे शे?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते बोट अजून डोळ्यांसमोर आहे, म्हणूनच तुम्हाला एवढं लिहायला बसलो.

तुम्ही असं करा. सभेची नोटीस निघायच्या आधी प्रश्न लेखी द्या: योजनेचं अंदाजपत्रक किती, आजवर किती बिल निघालं, काम पूर्ण झाल्याचा दाखला कोणी दिला. शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. सभेत विषय निघाला की उठून म्हणा, माझं नाव आणि प्रश्न लिहा. सभा संपायच्या आत प्रोसिडिंग वाचून दाखवायला सांगा, आणि शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारून मगच सह्या होऊ द्या. गणपूर्तीवर नजर ठेवा. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतलं जे कमी असेल तेवढी माणसं लागतात. पारावर माना डोलावणारे सभेला येतीलच असं नाही. कुणाचं सोसायटीचं कर्ज असतं, कुणाला केळीची गाडी सरपंचांच्या गोटातल्या व्यापाऱ्याला द्यायची असते, त्यांच्यावर रागावू नका. ज्यांच्या डोक्यावर हंडा आहे त्या बायांना आधी भेटा. त्यांची महिला ग्रामसभा वेगळी भरते, तिथे हाच ठराव आधी होऊ द्या.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज टाकाच. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, 30 दिवसांची मुदत. "योजनेची सर्व माहिती" असं मोघम मागू नका. मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि देयकांच्या प्रती मागा. किती काम झालं म्हणून किती पैसा निघाला, ते मोजमाप पुस्तिकेतच सापडतं.

वडील म्हणतात, आपल्याकडे असं बोलायची रीत नाही. त्यांना हात जोडून सांगा की फैजपूर तुमच्याच तालुक्यात आहे. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन डिसेंबर 1936 मध्ये तिथे झालं. अध्यक्ष होते नेहरू. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईत इंडियन सिव्हिल लिबर्टीज युनियन स्थापन झाली होती, रवींद्रनाथ ठाकूर तिचे अध्यक्ष होते. इंग्रजांच्या राज्यात फैजपूरच्या मांडवात शेतसारा आणि कर्जाच्या ओझ्यावर शेतकऱ्यांच्या बाजूने ठराव झाले. तुम्ही तर फक्त टाकीत पाणी का नाही एवढंच विचारताय.

टाकीपुढे धरणं धरायचा विचार लिहिलाय, तर आधी जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 चा मनाई आदेश चालू आहे का ते बघा. सणासुदीला तो निघतोच. 37(3) खाली पाच किंवा जास्त माणसांच्या जमावाला बंदी असते. शासनाच्या मंजुरीशिवाय तो 15 दिवसांपेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळे त्यावरची तारीख नीट वाचून मग दिवस ठरवा आणि ठाण्यात लेखी कळवा.

नोटिशीवर 168 च छापलंय ना, ते आज पुन्हा पाहून इथे लिहा. 126 असेल तर प्रकरण कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे जातं, जामीनदारासह बंधपत्र मागतात, तिथे एकटे जाऊ नका. तालुका न्यायालयात विधी सेवा समिती असते. बायांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे वकील मोफत मिळतो. ग्रामसभेला द्यायचा अर्ज लिहिलात की इथेच टाका, मी आणि इथले बाकीचे वाचून दुरुस्त करून देऊ.