'नाद्या'चं पूर्ण नाव काय?

प्रश्न असा आला आहे : बायकोची आजी रशियन, तिला सगळे 'नाद्या' म्हणत. मुलीला तेच नाव ठेवायचं आहे. अर्थ काय, मराठीत लिहायचं कसं, आणि वडिलांचं नाव अमित आहे तर मधे 'अमितोव्ना' लावावं का?

'नाद्या' हे हाक मारायचं नाव. आजीच्या जन्मदाखल्यावर बहुधा 'नादेझ्दा' असणार. तो दाखला मिळत असेल तर आधी तो बघा. रशियनमध्ये कागदावरचं नाव वेगळं आणि घरचं वेगळं : तात्यानाची तान्या, नताल्याची नताशा, मिखाइलचा मिशा. (मिशा आणि निकिता ही तिकडे पुरुषांची नावं, आपण ती मुलींना ठेवतो.) घरच्या नावातही पायऱ्या आहेत. लाडात आलं की 'नादेन्का' किंवा 'नाद्युशा', आणि सलगीत नाहीतर तुसडेपणाने 'नाद्का'. मराठी कानाची अडचण इथेच होते. रशियन '-या'त नुसती माया आहे. आपल्या पक्या, गण्यातला '-या' हा खरं तर त्यांच्या '-का'चा भाऊ. हजेरीपटावर 'नाद्या' आलं की वर्गातली पोरं त्याचा संबंध 'नादा'शी जोडणारच. निकोलायचा तर 'कोल्या' होतो, त्यामानाने तुम्ही सुखी आहात.

नादेझ्दा म्हणजे आशा. हे नाव मुळातच भाषांतर आहे. ख्रिस्ती परंपरेत सोफिया या संत मातेच्या तीन मुली : ग्रीकमध्ये पिस्तिस, एल्पिस, अगापे. स्लाव्ह लोकांनी आईचं नाव तसंच ठेवलं आणि मुलींच्या नावांचं भाषांतर केलं : वेरा (श्रद्धा), नादेझ्दा (आशा), ल्युबोव (प्रेम). चौघींचा सण ३० सप्टेंबरला असतो. यातला 'ल्युबोव' आणि पत्राच्या शेवटी आपण लिहायचो त्या 'लोभ असावा'मधला लोभ एकाच मुळाचे. 'नादेझ्दा'तला 'ना' म्हणजे 'वर' आणि पुढचा धातू 'ठेवणे' या अर्थाचा, संस्कृत 'धा'चा सख्खा. आपणही भिस्त 'ठेवतो'च की.

तेव्हा कागदावर 'आशा' आणि घरात 'नाद्या' असं केलंत तर ते आजीच्या नावाच्या रीतीला धरूनच होईल. मी तरी हेच सुचवेन. मूळ नावच हवं असेल तर देवनागरीत 'नादेझ्दा' लिहा. जोर 'दे'वर, त्यामुळे 'ना' जवळजवळ 'न' ऐकू येतो. 'झ' मात्र ना 'झाडा'तला, ना 'झेंड्या'तला. 'श' म्हणताना कंठ घुमवला की जो ध्वनी येतो, त्याच्या जवळचा. रशियन त, द दंत्य आहेत, पण रोमन लिपीतून नाव आलं की 'द'चा हटकून 'ड' होतो आणि दाखल्यावर 'नाडेझडा' उमटतं. म्हणून अर्जावर देवनागरी नाव स्वतःच्या हाताने लिहा आणि छापून आल्यावर अक्षर न् अक्षर तपासा. 'नादिया' लिहू नका; ते इथे अरबी नाव समजलं जातं.

आता 'अमितोव्ना'. वडिलांचं नाव मधे लावायची चाल आपल्याला नवी नाही. फरक एवढाच की रशियनमध्ये त्याला प्रत्यय लागतो आणि तो मुलगा-मुलगी बघून बदलतो. नावाच्या शेवटी कठोर व्यंजन (मराठी व्याकरणातलं 'कठोर' नव्हे, 'य'कडे न झुकणारं) असेल तर -ओविच, -ओव्ना : अमितोविच, अमितोव्ना. 'श' असेल तर -एविच, -एव्ना : सुरेशेव्ना. 'ई' असली तरी तेच : अलीची मुलगी अलीएव्ना, तशी रवीची रवीएव्ना. वडील इल्या असतील तर मुलगी इल्यिनिच्ना. हे जोडनाव केवळ कागदापुरतं नसतं. लेनिनच्या पत्नीला आदराने 'नादेझ्दा कोन्स्तान्तिनोव्ना' म्हणत. क्रुप्स्काया या आडनावाची गरज नसे. शाळेत बाईंनाही अशीच हाक मारतात, आपल्या 'बाई', 'ताईं'चं काम ते जोडनाव करतं.

भारतीय दाखल्यावर मात्र मधे साधं 'अमित'च असू द्या. तिथे 'अमितोव्ना' घातलंत तर वडिलांच्या रकान्यातल्या नावाशी ते जुळणार नाही आणि पुढे प्रत्येक खिडकीवर खुलासा करत बसावं लागेल. रशियातल्या नातेवाइकांना पत्र लिहाल तेव्हा 'नादेझ्दा अमितोव्ना' खुशाल लिहा.

घाई करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव पुढे १२ महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. तेवढ्या वेळात आजीचा दाखला सापडतो का ते बघता येईल.