एकाच नावाचे दोन फोल्डर सुरक्षितपणे एकत्र कसे करावेत?

जळगावच्या घरी संगणकावर आणि बाहेरच्या हार्ड डिस्कवर ‘केळीबाग’ नावाचे दोन फोल्डर आहेत, ते एक कसे करावेत, असा आपला प्रश्न आहे. आधी दोन्हींची प्रत तिसऱ्या ठिकाणी ठेवावी. ही पायरी कृपया गाळू नये. विंडोजमध्ये एक फोल्डर, त्याच नावाचा दुसरा फोल्डर जेथे आहे त्याच ठिकाणी पेस्ट केला असता आतील फाइली आपोआप एकत्र होतात आणि समान नावाच्या फाइली आढळल्यासच विचारणा होते. तेथे तुलनेचा पर्याय घेऊन दोन्हींवर खूण केल्यास नव्या प्रतीच्या नावाला क्रमांक जोडून दोन्ही राखल्या जातात. कॅमेऱ्याची मोजणी 9999 नंतर पुन्हा 0001 पासून सुरू होते, म्हणून नाव सारखे असले तरी फोटो वेगळा असू शकतो. सातबाऱ्याच्या स्कॅन प्रती तर उघडूनच पाहाव्यात. मॅकवर मात्र ‘रिप्लेस’ निवडल्यास तेथील जुना फोल्डर संपूर्ण जातो.