“तो खरंच सोळाचा आहे का?”

इंग्लंडमध्ये आश्रय मागणारी एकटी मुलं ज्यांच्या घरी राहतात, त्या फॉस्टर केअरर मंडळींशी बोलणं हे माझं काम. त्यांच्याकडून एकच काळजी मी इतक्यांदा ऐकली आहे की आता पहिल्या वाक्यालाच ओळखते: “सोळा सांगतो, पण दाढी करतो हो.” पुढची हकीकत अशाच काही घरांची मिळून बनलेली आहे, ओळखी बदलल्या आहेत.

मुलगा अफगाणिस्तानातला. तो ज्या केअरर बाईंकडे राहत होता, त्यांच्या घरात त्यांची चौदा वर्षांची मुलगीही होती. स्थानिक कौन्सिलने वयाची तपासणी सुरू केली होती आणि बाईंची झोप उडाली होती.

मी विचारलं, “समजा तो बावीसचा निघाला. तोवर घरात काय वेगळं कराल?”

“खोल्यांचे नियम कडक करीन. दोघांना घरात एकटं ठेवणार नाही.”

“मग ते आजच करा. त्यासाठी त्याचं वय कशाला कळायला हवं?”

त्या गप्प झाल्या, मग जरा हसल्या. दोन काळज्यांची गाठ बसलेली असते. घराची सुरक्षितता आपल्या हातात असते, वय ठरवणं नसतं. गाठ सुटली की केअरर गुप्तहेर व्हायचा थांबतो, आणि माझ्या मते मुलाला सर्वांत आधी हवं असतं ते हेच. नातं आधी, माहिती नंतर, या मताची मी पहिल्यापासून आहे.

मुलाचा प्रश्न वेगळा होता. एका अधिकाऱ्याला त्याने पंधरा सांगितलं होतं, दुसऱ्याला सोळा. अफगाण वर्ष मार्चमध्ये सुरू होतं, त्यामुळे इसवी सनात बदलताना एका वर्षाचा घोळ सहज होतो. त्याच्या जुन्या कागदी तज़्किऱ्यावर, म्हणजे अफगाण ओळखपत्रावर, जन्मतारीख नव्हतीच. अमुक साली चेहऱ्यावरून इतक्या वर्षांचा, एवढीच नोंद. पण सगळा फरक त्यातून आलेला नव्हता. दुभाष्यामार्फत मी म्हटलं, “आठवत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हण की.”

तो बराच वेळ बाहीचा दोरा ओढत बसला. मग म्हणाला, “वाटेत ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याला मार पडायचा.”

इतके महिने सगळे ज्याला खोटेपणा समजत होते, ती मार चुकवण्याची सवय होती. प्रश्न आला की उत्तर द्यायचं, कुठलंही. त्यानंतर आम्ही तारखांचा नाद सोडला. धाकटी बहीण जन्मली तेव्हा तू शाळेत जायचास का? वडील गेले तेव्हा ती चालायची का? तुर्कस्तानात किती हिवाळे काढलेस? हळूहळू एक क्रम उभा राहिला. मधल्या रिकाम्या जागा त्याने रिकाम्याच ठेवल्या, याचंच मला जास्त समाधान वाटलं.

केअररना मी नेहमी सांगते: तपासणीत तुमचं निरीक्षण विचारलं जातं, म्हणून रोजच्या वहीत निष्कर्ष लिहू नका. “मोठ्या माणसासारखा वागतो” याला अर्थ नाही. “स्वतः स्वयंपाक करतो, रात्री दिवा मालवू देत नाही” असं लिहा. वाटेवर एकटा जगलेला मुलगा स्वयंपाक शिकलेला असतोच. दाढीवरून काही ठरत नाही, आणि दात-हाडांचे एक्स-रेसुद्धा अंदाजाचा पट्टा देतात, जन्मतारीख नाही.

नियमही माहीत असू द्या. लंडनच्या मर्टन कौन्सिलविरुद्धच्या २००३ च्या निकालापासून वय ठरवायला नुसत्या दिसण्यावर भागत नाही, अगदी उघड प्रकरणं सोडली तर. शंका असतील त्या मुलासमोर मांडून त्याला उत्तराची संधी द्यावी लागते, निर्णयाची कारणंही द्यावी लागतात. मुलाखतीत त्याच्या बाजूने एक स्वतंत्र प्रौढ व्यक्ती हवी. ती आहे ना, हे आधीच विचारून घ्या. निर्णय विरोधात गेला तर मुलाची रवानगी अनोळखी प्रौढांच्या निवासात होऊ शकते, म्हणून वकील वेळेवर गाठा. वय नेमकं काय हे शेवटी न्यायालय स्वतः ठरवू शकतं, असं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये क्रॉयडन कौन्सिलच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे.

या मुलाचं वय मान्य झालं. आता बाईंचा प्रश्न असा की अठरानंतर त्याला घरीच ठेवता येईल का. ‘स्टेइंग पुट’ व्यवस्थेत दोघांची तयारी असेल तर एकविसाव्या वर्षापर्यंत येतं. मुलीने आधीच होकार देऊन टाकलाय. त्याला मात्र अजून कुणी विचारलेलं नाही.