रिलीज ०.४८ सेकंद, म्हणून मुलाचा हातच बदलायचा का?

प्रश्न : आम्ही मूळचे पुण्याचे, बारा वर्षांपासून टेक्ससमध्ये फ्रिस्कोला राहतो. मुलगा दहावीत आहे, शाळेच्या ज्युनिअर व्हर्सिटी (दुसऱ्या फळीच्या) अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू. लहानपणी मी त्याला क्रिकेट शिकवलं, सीमारेषेवरून थ्रो करून घेतले. आता एक खासगी कोच म्हणतो, याचा रिलीज, म्हणजे चेंडू हातातून सोडायला लागणारा वेळ, ०.४८ सेकंदांचा आहे, ०.४० च्या आत आला नाही तर कॉलेज फुटबॉल विसरा. सहा महिन्यांत थ्रोइंग मोशन मुळापासून बदलून देतो म्हणतो. फी भरपूर आहे. आम्ही नोकरीच्या एच-१बी व्हिसावर, मुलगा कुटुंबीयांच्या एच-४ वर. पैसे घालावेत का? आणि यात करिअर आहे का? – एक बाबा

उत्तर : पैसे घालण्याआधी कोचना एकच विचारा, ०.४८ मोजलं कसं? मोबाइलच्या साध्या व्हिडिओत सेकंदाला तीस फ्रेम असतात, म्हणजे एका फ्रेमला ०.०३३ सेकंद. चेंडू हातातून नेमका कोणत्या फ्रेमला सुटला यात एका फ्रेमचा घोळ झाला की ०.४८ चं ०.४५ किंवा ०.५१ होतं. सुरुवात कुठून धरली हा आणखी वेगळा प्रश्न. कोणी दोन्ही हात चेंडूवरून सुटले तिथून मोजतो, कोणी चेंडू मागे जायला लागला तिथून. हे ठरलेलं नसेल तर त्या आकड्यावर सहा महिन्यांची फी ठरवू नका. घरीच करून बघा. फोन स्लो-मोशनला २४० फ्रेमवर लावा, ट्रायपॉड मुलाच्या कमरेच्या उंचीला, चेंडू टाकणाऱ्या हाताच्या बाजूला. उभ्या उभ्या टाकलेले थ्रो मोजू नका. स्नॅप (खेळ सुरू होताना मागे दिलेला चेंडू) घेऊन, मागे पावलं टाकून, मग फेकलेले दहा थ्रो घ्या आणि फ्रेम मोजा. ९६ फ्रेम म्हणजे ०.४० सेकंद.

रिलीजला किंमत नाही असं मात्र माझं म्हणणं नाही. ताशी वीस मैलांनी धावणारा बचावपटू एक दशांश सेकंदात जवळपास तीन फूट कापतो आणि तेवढ्यात पास अडवला जातो. पण एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये स्नॅपपासून चेंडू सुटेपर्यंत सरासरी पावणेतीन सेकंदांच्या आसपास लागतात. हाताची हालचाल हा त्यातला शेवटचा तुकडा. रिसीव्हर (पास झेलणारा) मोकळा होतोय हे मुलाला अर्धा सेकंद उशिरा दिसत असेल, तर हातातून वाचवलेले आठ शतांश कुठे जातील? कॉलेजचे कोच आधी सामन्यांची फिल्म बघतात, त्यात त्यांना हेच दिसतं. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर मुलाच्या मागच्या मोसमाची फिल्म काढून, स्नॅपपासून रिलीजपर्यंत एकूण किती वेळ गेला ते प्रत्येक पासला लिहून काढलं असतं.

आता क्रिकेटबद्दल. तुम्ही काही बिघडवलेलं नाही, उलट लांब फेकायची सवय आणि खांद्याची ताकद त्याला तिथूनच मिळाली असेल. फरक वजनाचा आहे. क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा, अमेरिकन फुटबॉल ४०० ते ४२५ ग्रॅमचा. सीमारेषेवर धावत येऊन हात मागे लांब फिरवायला वेळ असतो आणि हलका चेंडू ते चालवून घेतो. जड चेंडू तसाच मागे नेला की तो कमरेखाली उतरतो, कोपर मागे पडतं आणि मग सगळा भार खांद्यावर. तुमच्या मुलाच्या व्हिडिओत चेंडू कमरेखाली जाताना दिसला तर ती दुरुस्ती जरूर करा. चेंडू छातीशी, दोन्ही हातांत. हात सुटताना मागचं कोपर वर निघायला हवं, चेंडू खाली पडायला नको. पुढे येताना कोपर खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वर. फेकण्याआधी दुसऱ्या हाताने चेंडू थोपटायची सवय अनेक मुलांना असते, तीही काढा. त्यात वेळ जातो आणि समोरच्या सेफ्टीला (सगळ्यात मागच्या बचावपटूला) आयती खबर मिळते.

पण बहुतेक वेळा हात उशिरा येतो तो पायांमुळे. पुढचं पाऊल फार लांब पडलं की अंग मागे राहतं, हाताला वाट बघावी लागते आणि पास रिसीव्हरच्या डोक्यावरून जातो. मागचा पाय रोवायचा, पुढे छोटं पाऊल, आधी कंबर फिरायची, मग खांदा, मग हात. क्रम चुकला की मुलगा ताकद हातातून काढायला जातो. एनएफएलचा क्वार्टरबॅक जॉश ॲलनकडे बघा. २०१८ च्या कॉम्बाइनमध्ये, म्हणजे एनएफएल संघ नव्या खेळाडूंना पारखतात त्या चाचणीत, त्याने ताशी ६२ मैलांनी चेंडू फेकला होता, म्हणजे वेगाचा प्रश्नच नव्हता. तरी बफेलो संघातल्या पहिल्या वर्षी त्याचे ५२.८ टक्केच पास पूर्ण झाले. ऑफ-सीझनमध्ये पाय आणि कमरेच्या क्रमावर त्याने काम केलं, भोवतीचा संघही सुधारला, आणि २०२० मध्ये तो आकडा ६९.२ वर गेला. हात तोच होता.

कोच म्हणतात तसा मोशन मुळापासून बदलायचा तर टिम टिबोची गोष्ट त्यांच्याकडून ऐका. २००७ चा हाइझमन (कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) विजेता, फेकण्याची लकब लांबलचक. २०१० च्या ड्राफ्टआधी (एनएफएल संघ नवे खेळाडू निवडतात त्याआधी) ती आखूड करण्यावर त्याने बरीच मेहनत घेतली, डेन्व्हर संघाने पहिल्या फेरीत घेतलाही. अंगावर बचावपटू धावून आले की जुनी लकब परत यायची. २०११ मध्ये संघ जिंकत राहिला, पण पास पूर्ण होण्याचं प्रमाण होतं ४६.५ टक्के. याउलट एनएफएलचाच क्वार्टरबॅक फिलिप रिव्हर्स. गोळाफेक करावी तसा खांद्यापासून ढकलणारा हात, कुठल्याही कोचिंग पुस्तकात न बसणारा, आणि सलग २४० सामन्यांत सुरुवातीपासून खेळला. चेंडू वेळेवर आणि जागेवर सुटत होता, एवढं पुरे होतं. पंधराव्या वर्षी लकब सुधारते, नाही असं नाही. पण ती जानेवारी ते मे या काळात, थोडी थोडी, आणि दबावाखाली तपासत. मोसमाच्या मधे तर मुळीच नको.

शिवाय या वयात खांद्याच्या हाडाची वाढीची कूर्चा अजून जुळलेली नसते. वसंतात सेव्हन-ऑन-सेव्हन (सात-सात जणांचे फक्त पासचे सामने), उन्हाळ्यात शिबिरं, वर खासगी कोचकडे आठवड्याला शेकडो थ्रो, आणि मधे कुठे बेसबॉल असेल तर विचारूच नका. खांदा दुखतोय असं मुलगा दोनदा म्हणाला की थ्रो बंद आणि क्रीडावैद्यकातल्या डॉक्टरांकडे. सहा महिन्यांचं पॅकेज घेऊ नका. चार-पाच सत्रांचे पैसे भरा, आणि त्यांनी काय बदलायचं ठरवलंय ते शाळेच्या कोचना कळवायला सांगा. दोन कोच दोन दिशांना ओढू लागले की मुलगा थ्रो करताना विचार करायला लागतो, तिथेच उशीर होतो.

करिअरचं विचाराल तर आकडे कठोर आहेत. अमेरिकेत दहा लाखांच्या आसपास मुलं हायस्कूल फुटबॉल खेळतात, त्यातली साधारण ७ टक्के एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेच्या कुठल्यातरी डिव्हिजनमध्ये पोचतात. क्वार्टरबॅक तर एका वेळी एकच खेळतो, आणि खेळाडूंना कॉलेज बदलू देणारं ट्रान्स्फर पोर्टल आल्यापासून मोठी कॉलेजं हायस्कूलच्या मुलापेक्षा दोन वर्षं खेळलेला तयार मुलगा घेणं पसंत करतात. आडवाटाही आहेत. एनएफएलचा क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स ब्यूट या कम्युनिटी कॉलेजातून आला, ॲलन रीडली कॉलेजातून, ब्रॉक पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटी, २६२ वा निवडला गेला. पण अशा वाटेवर घराचं आर्थिक गणित बसवता येत नाही.

माझं स्पष्ट मत, डिव्हिजन तीनकडे आत्ताच बघा. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, म्हणून आपल्याकडचे पालक नाक मुरडतात. पण एमआयटी, कार्नेगी मेलन, जॉन्स हॉपकिन्स, शिकागो विद्यापीठ हे सगळे याच डिव्हिजनमध्ये फुटबॉल खेळतात. मुलगा चेंडूमागचं शास्त्र विचारणारा असेल तर बायोमेकॅनिक्स, किनेसिऑलॉजी (शरीराच्या हालचालींचा अभ्यास) आहे. आकडेमोडीचा असेल तर पराग मराठे हे नाव त्याला शोधायला सांगा. फोर्टीनाइनर्स या एनएफएल संघात खेळाडूंचे करार सांभाळत ते वर गेले आणि आज लीड्स युनायटेड या इंग्लंडमधल्या सॉकर क्लबचे अध्यक्ष आहेत.

राहिला व्हिसा, ज्याबद्दल कोच बोलणार नाहीत. एच-४ वर शाळा-कॉलेजात खेळायला अडचण नाही, खेळाची शिष्यवृत्तीही घेता येते. अमेरिकेच्या केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मात्र मिळणार नाही. एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो, तोवर ग्रीन कार्ड आलं नाही तर विद्यार्थ्यांचा एफ-१ व्हिसा करावा लागेल. २०२१ पासून खेळाडूंना नावावर आणि चेहऱ्यावर पैसे घेता येतात, पण एच-४ किंवा एफ-१ वरच्या मुलाने गावातल्या दुकानाची जाहिरात करून शंभर डॉलर घेतले तरी ते बेकायदा काम ठरू शकतं. कोणी काही देऊ केलं तर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. खासगी कोचच्या एका सत्राइतक्या पैशात तो सल्ला मिळेल.

आणि या आठवड्यात शाळेच्या काउन्सेलरकडून मुलाचा ट्रान्स्क्रिप्ट (गुणपत्रक) मागवा. डिव्हिजन एकसाठी एनसीएएला १६ कोअर कोर्स (मुख्य विषयांचे) आणि त्यांत किमान २.३ जीपीए (गुणांची सरासरी) लागतो, त्यातले १० बारावी सुरू होण्याआधी संपलेले असावे लागतात. त्याने आठवीत अल्जिब्रा घेतला असेल तर तो हायस्कूलच्या ट्रान्स्क्रिप्टवर चढलाय का, हेही बघून घ्या.