धोनी-सचिनला लष्करी हुद्दा मिळतो म्हणजे पगारही मिळतो का?

नाही. मानद हुद्द्याला पगार नाही, पेन्शन नाही, हाताखाली तुकडी नाही. गणवेश मात्र मिळतो. सचिन २०१० मध्ये हवाई दलात मानद ग्रुप कॅप्टन झाला, कपिल देव २००८ मध्ये आणि धोनी २०११ मध्ये प्रादेशिक सेनेत (टेरिटोरियल आर्मी, म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून सेवा देणाऱ्यांची राखीव फौज) लेफ्टनंट कर्नल. तरुणांनी सैन्याकडे वळावं, हा यामागचा उघड हेतू.

बाकी हुद्दा मिरवणं वेगळं आणि निभावणं वेगळं. धोनीने २०१९ मध्ये काश्मीरला आपल्या बटालियनसोबत राहून गस्त, पहारा असली कामं केली. २०१८ मध्ये पद्मभूषण घ्यायलाही तो गणवेशातच गेला, कडक सॅल्यूट ठोकून! असं सगळेच करत नाहीत.

आणि आपण इंदूरकरांनी तरी याचं नवल करू नये. होळकरांनी १९२३ मध्ये क्रिकेटपटू सी. के. नायडूंना इथे बोलावून थेट आपल्या फौजेत कॅप्टन केलं होतं. पुढे ते कर्नल झाले, आणि राजवाड्याकडचे जुने लोक अजूनही नुसतं 'कर्नल' म्हणतात. पण ती संस्थानी फौज. आजचा मानद हुद्दा राष्ट्रपती देतात, इथल्या जवळच्या महूच्या लष्करी छावणीत चौकशी करून काही उपयोग नाही.