वाचकांचे प्रश्न : विद्यापीठासाठी मोठी देणगी मागण्याची नोकरी

प्रश्न : मी मूळची नाशिकची. पुण्यातील एका कंपनीच्या सामाजिक दायित्व विभागात सात वर्षे काम केले आणि लग्नानंतर अमेरिकेत आले. सध्या ओहायोतील एका मोठ्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थी कार्यालयात आहे. आता तेथेच ‘मेजर गिफ्ट्स’ म्हणजे मोठ्या देणग्यांच्या विभागात वरिष्ठ पद देऊ केले आहे. बाबांना सांगितले, तर ते म्हणाले, ‘एवढे शिकून शेवटी पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरणार?’ पैसे मागण्याचा संकोच मलाही आहेच. या कामात नेमके काय करावे लागते? पगार टक्केवारीवर असतो का?

उत्तर : टक्केवारीचे आधी सांगते : नसतो, आणि कोणी देऊ केल्यास ती नोकरी घेऊ नका. निधिसंकलन करणाऱ्यांची अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक संघटना ‘एएफपी’ हिच्या आचारसंहितेत देणगीच्या रकमेवर टक्केवारी घेण्यास स्पष्ट मनाई आहे. ज्याचे घर त्या रकमेवर चालते, तो देणगीदाराला घाई करणार, हे त्यामागचे साधे कारण आहे. तुम्हाला ठरावीक पगारच मिळेल.

वडिलांची शंका रास्त आहे, पण त्यांनी पावतीपुस्तक चुकीच्या खात्यात टाकले आहे. फोन, ईमेल आणि पत्रे पाठवून दर वर्षी पन्नास-शंभर डॉलर गोळा करण्याचे काम ‘ॲन्युअल गिव्हिंग’ या वेगळ्या विभागाकडे असते. तेथे माणूस महिन्याच्या मिळकतीतून देतो, तर तुमच्याकडे येणारा माणूस आयुष्यभराच्या साठ्यातून, म्हणजे शेअर, जमीन किंवा विकलेला धंदा यांतून देतो. त्यामुळे तो निर्णय त्याच्या एकट्याचा राहत नाही. त्यात पत्नी येते, मुले येतात, वकील आणि करसल्लागार येतात, आणि पहिल्या भेटीपासून सहीपर्यंत दीड-दोन वर्षे सहज जातात. मी हे काम एका राज्य विद्यापीठात सतरा वर्षे केले. माझ्या यादीत साधारण सव्वाशे कुटुंबे असत आणि महिन्याला बारा-पंधरा भेटी होत. प्रत्येक भेटीची नोंद दोन-चार दिवसांत संगणकावर करावी लागे, कारण आपण नोकरी सोडून गेलो तरी विद्यापीठाची स्मृती तेथेच राहायला हवी. या सगळ्यात ‘आपण इतकी रक्कम द्यावी’ असे प्रत्यक्ष म्हणण्याचे प्रसंग वर्षाला पंधरा-वीस येत, आणि तोवर समोरच्यालाही ते वाक्य येणार हे ठाऊक झालेले असे. तुमचा संकोच त्या वीस वाक्यांपुरता आहे. बाकी वर्षभर ऐकायचेच असते, आणि संकोची माणसे ऐकतात चांगली.

मात्र वरिष्ठ पदावरच्या माणसाची खरी कसोटी लागते ती होकारानंतर, देणगीचा करार लिहिताना. मोठी देणगी बहुधा कायम निधीत जाते. मुद्दलाला हात लावायचा नाही आणि दर वर्षी चार-साडेचार टक्के खर्चायचे, अशी ही रीत. म्हणजे दहा लाख डॉलरच्या निधीतून चार टक्क्यांच्या हिशेबाने वर्षाला चाळीस हजार डॉलरची शिष्यवृत्ती किंवा अध्यासनाचा, म्हणजे देणगीतून चालणाऱ्या प्राध्यापकपदाचा, काही खर्च निघतो. ती कायम चालायची, म्हणजे तुम्ही आज लिहिलेले वाक्य तुम्हाला कधीही न भेटलेली माणसे पन्नास वर्षांनी वाचणार.

हे मी ठेच लागून शिकले. पहिल्याच वर्षी एका निवृत्त यंत्रदुरुस्ती व्यावसायिकाच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही त्यांच्या शिष्यवृत्तीचा मसुदा केला. अट एका ओळीची होती : त्यांच्या गावच्या शाळेतून आलेला आणि अभियांत्रिकी शिकणारा विद्यार्थी. त्यांच्या पत्नीने चहा ओतता ओतता विचारले, ‘आणि ती शाळाच बंद पडली तर?’ मी हसून विषय बदलला. सहा वर्षांनी ती शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन झाली, नाव बदलले, आणि पात्र विद्यार्थीच नाही म्हणून पैसे दोन वर्षे पडून राहिले. शेवटी वकिलांकडून दुरुस्ती करून घ्यावी लागली, तोवर ते गृहस्थ हयात नव्हते. ‘असा विद्यार्थी न मिळाल्यास त्या जिल्ह्यातील, तोही न मिळाल्यास राज्यातील’ एवढी एक ओळ मी तेव्हा लिहिली असती, तर काम भागले असते. त्यानंतर त्या बाईंचा प्रश्न मी प्रत्येक देणगीदाराला स्वतःहून विचारत आले.

हेच मोठ्या आकड्यांत पाहायचे, तर दोन उदाहरणे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला तोंडपाठ असतात. ली बास यांनी 1991 मध्ये येल विद्यापीठाला पाश्चात्त्य संस्कृतीच्या अभ्यासक्रमासाठी 2 कोटी डॉलर दिले. अभ्यासक्रम रखडला, पुढे त्यातील प्राध्यापकांच्या निवडीत आपलेही मत असावे असे देणगीदाराने म्हटले, येलने नकार दिला आणि 1995 मध्ये सगळी रक्कम परत केली. येलचा तो नकार मला योग्यच वाटतो. प्राध्यापक कोण असावा हे ठरवण्याचा हक्क विकाऊ नाही, पण ही गोष्ट देणगी घेताना सांगायची असते. दुसरे उदाहरण प्रिन्स्टनचे. रॉबर्टसन दांपत्याने 1961 मध्ये साडेतीन कोटी डॉलर दिले होते ते सरकारी सेवेत, विशेषतः परराष्ट्र व्यवहारांत जाणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी. पैसा भलतीकडे वळवला, असे म्हणत त्यांच्या वारसांनी 2002 मध्ये खटला भरला. 2008 मध्ये तडजोड झाली, आणि तीत वारसांच्या वकिलांचा खर्च व एका नव्या प्रतिष्ठानासाठीची रक्कम मिळून सुमारे 9 कोटी डॉलर तोवर कितीतरी पटींनी वाढलेल्या त्याच निधीतून बाहेर गेले.

बाबांना मात्र येल-प्रिन्स्टन सांगू नका, धोंडो केशव कर्वे सांगा. 1916 मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा ते गावोगाव हिंडून लहान-लहान रकमा जमवत होते, त्यांत पावतीपुस्तकही आलेच. 1920 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 15 लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लाभले. ‘एसएनडीटी’ म्हणताना आज त्या बाईंची आठवण किती जणांना होते, हा भाग वेगळा.

पद स्वीकारण्यापूर्वी दोन गोष्टी मात्र विचारा. तुमच्या आधी या खुर्चीवर पाच वर्षांत किती जण बसले? या क्षेत्रात माणसे फार लवकर नोकऱ्या बदलतात, आणि दर दीड वर्षाने नवा चेहरा पाहून देणगीदार कंटाळतात. दुसरे, वार्षिक उद्दिष्टात फक्त आलेली रक्कम धरतात, की भेटी आणि प्रस्तावही मोजतात? फक्त रक्कम धरत असतील, तर पहिल्या वर्षी तुम्ही आधीच्या माणसाने पेरलेले कापाल आणि दुसऱ्या वर्षी हात रिकामे राहतील.

प्रश्न : माझा मुलगा कॅलिफोर्नियात असतो आणि आपल्या विद्यापीठाला दर वर्षी पाचशे डॉलर देतो. आता तेथील एक अधिकारी त्याला कॉफीला बोलावत आहेत. त्याच्या पैशाची माहिती त्यांना कशी मिळाली? (ठाणे)

उत्तर : चोरून नव्हे. घराच्या किमती, कंपनीच्या बड्या अधिकाऱ्यांनी विकलेले शेअर आणि इतर संस्थांच्या अहवालांत छापलेल्या देणगीदारांच्या याद्या अमेरिकेत जाहीरपणे पाहता येतात, आणि त्या एकत्र जुळवणारे लोक विद्यापीठाच्या पगारावर असतात. पहिल्या कॉफीत सहसा रक्कम मागत नाहीत. या माणसाला कशाची आस्था आहे आणि तो पुढे भेटू इच्छितो का, एवढेच ते अधिकारी पाहतील. इच्छा नसल्यास मुलाने तसे स्पष्ट सांगावे. ‘नंतर बघू’ म्हणाला, तर त्यांच्या यादीतले नाव तसेच राहील आणि पुढच्या वर्षी पुन्हा फोन येईल.