जिना अरुंद नाही, मधेच मागे वळणारे आपण आहोत

कांदिवलीच्या ताईंनी लिहिलंय की १६ मजल्यांची बिल्डिंग फायर ड्रिलमध्ये, म्हणजे आगीच्या सरावात, रिकामी व्हायला ३५ मिनिटं लागली, सहाव्या मजल्यावर सगळे तुंबले आणि आता कमिटी जिन्याच्या रुंदीवर खापर फोडतेय. वाचून पोटात गोळाच आला. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मी तीन वर्षं सेक्रेटरी होते. फायरमधली तज्ज्ञ वगैरे नाही, चुका करून शिकलेय. लिफ्ट वापरू नका हे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देते.

आमच्याकडे ड्रिल नव्हतं, खरंच मीटर रूममधून धूर आला होता. सगळे उतरत होते आणि मी पाचव्या मजल्याच्या लँडिंगवरून मागे वळले. सासऱ्यांच्या गोळ्यांचा डबा राहिला म्हणून. रेलिंग धरून "जरा जाऊ द्या, जरा जाऊ द्या" करत वर निघाले. वर जाणाऱ्या एका माणसासाठी उतरणाऱ्या सगळ्यांना रेलिंग सोडून भिंतीला चिकटावं लागतं आणि दोन रांगांची एक होते. सहाव्या-सातव्या मजल्यावरच्या एका काकूंच्या हातातून रेलिंग सुटलं, गाऊनचा कोपरा मागच्याच्या चपलेखाली आला आणि दोन पायऱ्या चुकल्या. मनगट मोडलं. धूर पहिल्या मजल्यावरही आला नव्हता. आणि डबा? सासऱ्यांनी तो निघतानाच खिशात टाकला होता. काकू अजूनही माझ्याशी नीट बोलतात, तेच जास्त लागतं.

तेव्हा ताई, आधी बघा सहाव्या मजल्यावर कोण उभं होतं. माझा अंदाज, घरातले सगळे जमेपर्यंत थांबलेली कुटुंबं. शिवाय लँडिंगवर मजल्याच्या दारातून येणारे आणि वरून उतरणारे एकमेकांत मिसळतात. आपण सभ्यपणे "या, या" करत दारातल्यांना आत घेतो, की वरची रांग ठप्प. वरच्यांना कारण कळत नाही, "खाली आग आहे" अशी कुजबुज सुरू होते आणि मग वळणारे वळतात. दर दोन-तीन मजल्यांवर एकाने नुसतं "खाली रस्ता मोकळा आहे, चालत राहा" म्हटलं तरी फरक पडतो.

रुंदीचं म्हणाल तर जिन्यांचे अभ्यासक जेक पॉल्स यांनी १९७० च्या दशकात कॅनडातल्या उंच ऑफिस इमारती रिकाम्या होताना पाहिल्या. उतरताना अंग थोडं डोलतं, त्यामुळे माणसं भिंतीपासून साधारण १५ सेंटीमीटर लांब राहतात, असं त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे दीड मीटरचा जिना असला तरी दोन्ही बाजूंचं धरून कामाचा सव्वा मीटरच्या आतच. त्यात लँडिंगवर चपलांचा रॅक, एखादी सायकल आणि कोणाची तरी तुळशीची कुंडी. ती हलवा, मग रुंदीवर वाद घाला. मुंबईतल्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनला २९ सप्टेंबर २०१७ ला चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली, तेव्हाही पावसामुळे लोक पुलाच्या जिन्यात थांबलेले आणि मागून गर्दी येतच होती.

आता तक्रार. काकू पडल्यानंतर एका कार्यालयात चार खेपा घातल्या, कोणी येऊन आमचं ड्रिल बघा एवढंच मागणं होतं. दरवेळी "फॉर्म बी भरलाय ना? मग झालं." अहो, जानेवारी आणि जुलैत जातो तो फॉर्म बी आग विझवायच्या यंत्रणा चालू आहेत एवढंच सांगतो. माणसं जिन्यात काय करतात ते कोण बघणार? शेवटी आम्हीच एका मुलाला मोबाईल देऊन सातव्या मजल्यावर उभं केलं आणि व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. त्यात मीच तिघांना वाट देत उभी दिसले.

सरसकट सगळ्यांना लागू होईल असं नाही, पण आम्ही दोन गोष्टी केल्या: जमायचं ते खाली गेटपाशीच, आणि ज्येष्ठांची औषधं दाराच्या खुंटीला पिशवीत. चालता न येणाऱ्यांसाठी खुर्ची आणि दोन माणसं आधीच नेमलीत.

आणि पुढचं ड्रिल रविवारी सकाळी अकराला नको. तेव्हा निम्मे लोक बाहेर असतात. आमचं आता कामाच्या दिवशी रात्री साडेआठला असतं, कुकर गॅसवर असताना.